तळ्याकाठचा निबंध

गेली काही वर्षे मी रविवारी सकाळी महाडात दहावीच्या मुलामुलींना निबंध शिकवतो. मी शाळेतला शिक्षक नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो, उमेदीची वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिण्यात गेली आणि जो वेळ हाती राहिला त्यात कविता केल्या. 'कविता करतात म्हणजे निबंधही येत असणार' असा मोहल्ल्यातल्या आणि आळीतल्या आईबापांनी सोयीस्कर समज करून घेतला, आणि आमच्या ओटीवर वर्ग भरू लागला. पोलादपूरकडची दोन-चार मुलेही गाडी पकडून येतात.

एका रविवारी मी विषय दिला, 'पाणी हेच जीवन'. सतरा वह्या आल्या. सतराही वह्यांत पृथ्वीवर पाणी किती आणि जमीन किती याचा हिशेब होता. शेवटी 'पाणी अडवा, पाणी जिरवा' होते. अक्षर सुबक, शुद्धलेखन बरे. पण एकाही वहीत चवदार तळे नव्हते. आमच्या ओटीवरून ते चालत पाच मिनिटांवर आहे. २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री आणि गांधारीचे पाणी याच मुलांच्या घरांत शिरले होते, तेही कुठे नव्हते. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीवरून येणारी एक मुलगी आहे. पावसाळ्यात तिच्या वाडीवर आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो आणि एप्रिल उजाडला की तिची आई हंडा घेऊन खालच्या झऱ्यावर उतरते. तेही तिच्या वहीत नव्हते. मी तिला विचारले, "हे का नाही लिहिलंस?" ती गोंधळली. म्हणाली, "सर, ते निबंधात चालतं?"

तिचा प्रश्न मला लागला, कारण तो माझाच जुना प्रश्न होता. मी सातवीत असताना 'माझा आवडता सण' या विषयावर ईदचा निबंध लिहिला होता. नमाजाहून परतताना धरलेले अब्बांचे बोट, शीरखुर्म्याचा वास, शेजारच्या काकूंकडे पोचवायचा डबा, सगळे त्यात होते. गुरुजी मनाने चांगले होते. वही परत देताना ते हळूच म्हणाले, "छान आहे. पण परीक्षेत दिवाळीवर लिही. तपासणाऱ्याला बरं पडतं." मी दिवाळीवर लिहिले. आमच्या घरी कधीही न झालेल्या अभ्यंगस्नानाचे असे काही वर्णन केले की दहापैकी आठ गुण पडले. माझे पहिले वाखाणले गेलेले मराठी हे असे खोटे मराठी होते. दिवाळीचा मला राग नाही, शेजारचा फराळ खाऊनच मी मोठा झालो. पण आपण जिथे उभे आहोत तिथून लिहायचे नसते, हा धडा मी त्या दिवशी शिकलो आणि तो विसरायला मला वीस वर्षे लागली.

पाठ्यपुस्तकात ज्याला वैचारिक निबंध म्हणतात त्याचे खरे काम पटवून देण्याचे आहे. आपल्या भाषेत 'पटणे' हा मोठा गमतीचा शब्द आहे. म्हणणे पटते, तसे माणसांचे एकमेकांशीही पटते. म्हणजे मुद्दा आणि माणूस या दोहोंसाठी आपण एकच क्रियापद ठेवले आहे. गाईडमधल्या निबंधात समोर माणूसच नसतो, मग पटणार कोणाला? त्या रविवारनंतर मी मुलांना गाईड बाजूला ठेवायला सांगितले आणि आपल्याच गावातली जुनी लिखाणे दाखवायला सुरुवात केली. या तालुक्याने पटवून देण्याची विद्या फार मोठी किंमत देऊन शिकलेली आहे.

सुरुवात मी जरा दुरून, पुण्याहून करतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ ची, म्हणजे तिच्या जवळजवळ वीस वर्षे नंतरची. ही मुलगी माझ्या वर्गातल्या मुलींच्याच वयाची होती. तिने काय केले, तर प्रतिपक्षाचेच वाक्य उचलले. वेद फक्त ब्राह्मणांचे, इतरांनी ते पाहूही नयेत, असे तुम्ही म्हणता. ठीक आहे, मग आम्हाला धर्मपुस्तकच उरले नाही, तर आमचा धर्म कोणता ते सांगा. आरडाओरडा नाही. समोरच्याचे विधान तिने फक्त शेवटापर्यंत चालवत नेले.

आता आपल्या घरी येऊ. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले. पेन्शन घेऊन स्वस्थ बसण्याऐवजी त्यांनी लेखणी धरली. 'दीनबंधु' आणि 'सुधारक'सारख्या पत्रांतून लिहिले, आणि 'विटाळ विध्वंसन' या पुस्तिकेत वरच्या जातींना एकामागून एक प्रश्न विचारले. विटाळ येतो कुठून, त्याला आधार काय, असे ते प्रश्न. पुढे १८९५ मध्ये त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्यावरूनच हरकती निघाल्या. प्रश्नांना उत्तर देता येईना, म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला खुर्ची नाकारली. मुलांना मी सांगतो, प्रश्न हे निबंधातले सर्वांत सभ्य हत्यार आहे, पण ते लागते खोल.

तिसरी गोष्ट मुलांना सर्वांत आवडते, कारण तिचा नायक शाळकरी पोरगा आहे. रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे पुढचे कॉम्रेड आर. बी. मोरे, १९०३ साली महाड तालुक्यातल्या लाडवली गावी जन्मले. मुलगा हुशार, शिष्यवृत्ती मिळवलेला. पण महाडच्या इंग्रजी शाळेत त्याला प्रवेश नाकारला, कारण तो अस्पृश्य. अकरा-बारा वर्षांच्या या पोराने गयावया केली नाही. त्याने तक्रारीचे पत्र लिहिले. त्या पत्राने गवगवा झाला आणि अखेर शाळेला त्याला घ्यावे लागले. घेतले, पण बसवले सगळ्यांपासून वेगळे. याच मोरे यांनी पुढे महाडला परिषद भरवण्याचा ध्यास घेतला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना इथे आणले. ते पत्र त्या काळच्या परीक्षेत बसवले असते तर अक्षर, समास, मायना यांचे किती गुण मिळाले असते कुणास ठाऊक. पण त्याला दार उघडण्याचे गुण मिळाले.

मात्र मुलांची एक गैरसमजूत मी इथेच दूर करतो. चांगले लिहिले की जग ऐकते, असे नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपले तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसे त्यामागे होती. म्हणजे मुद्दा सिद्ध झाला, मते पडली, शाई वाळली. आणि पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्य माणसाच्या ओंजळीत त्या तळ्याचे पाणी आले नाही. ठराव कपाटात आणि पाणी तळ्यात.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली. दुसऱ्या दिवशी परिषद संपता संपता अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली. बाबासाहेबांच्या मागे रांगा लागल्या आणि सगळे बाजारातून शिस्तीने तळ्यावर आले. बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले, मग इतरांनी. कपाटातला ठराव त्या दिवशी पायी चालत तळ्यावर आला. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव काठ्या घेऊन मंडपावर आणि परतणाऱ्या माणसांवर तुटून पडला. जिवाच्या भीतीने पळालेल्या काहींना इथल्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. नंतर पंचगव्याचे विधी करून तळे 'शुद्ध' करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावही मागे घेतला.

मार खाल्ल्यावर बाबासाहेबांनी काय केले? काठीला काठी नाही. ३ एप्रिल १९२७ ला त्यांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले. महाडच्या प्रकरणाला अजून पंधरवडा उलटला होता इतकेच. त्यांच्यावर पुण्या-मुंबईच्या पत्रांतून टीका होत होती आणि ते एकेका आक्षेपाला नाव घेऊन उत्तर देत होते. आक्षेप आधी पूर्ण मांडायचा, मगच उत्तर द्यायचे. माझी मुले उलट करतात. विरुद्ध बाजू दिसली की तिच्यावर वही झाकतात.

डिसेंबरच्या परिषदेतले त्यांचे अध्यक्षीय भाषण तर मी मुलांना दरवर्षी उलगडून दाखवतो. बोटीने दासगाव बंदरात उतरून ते महाडला आले आणि २५ डिसेंबर १९२७ ला हे भाषण झाले. त्यातली एक वाट अशी जाते. तळ्यावर अन्य धर्मीयांना मज्जाव नाही. मुसलमान पाणी भरतात. पशुपक्ष्यांनाही मनाई नाही. अस्पृश्यांची गुरेसुद्धा पाणी पितात, फक्त त्या गुरांच्या धन्याला बंदी. मग कारण काय असावे? आमच्या स्पर्शाने पाणी नासेल, आटून जाईल, असे कुणालाच वाटत नाही. म्हणजे ते कारण गेले. उरते एकच. आम्हाला पाणी दिले तर आम्ही तुमच्या बरोबरीचे आहोत हे मान्य करावे लागेल. एकेक कारण तपासून बाजूला ठेवत ते इथे येतात, आणि मग सांगतात की प्रश्न तहानेचा नाही, माणूस म्हणून बरोबरीचा आहे. हे झाल्यावरच ते १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेकडे वळतात आणि महाडची सभा तिच्या पंगतीला बसवतात. आमची मुले निबंधाची सुरुवातच फ्रान्समधून करतात आणि महाडला पोचेपर्यंत पाने संपतात. त्यांनी गुरांच्या पाणवठ्यापासून सुरुवात केली, म्हणून फ्रान्सपर्यंत ऐकणारा सोबत राहिला.

त्याच संध्याकाळी मनुस्मृतीचे दहन झाले. बापूसाहेब सहस्रबुद्धे यांच्यासारखे ब्राह्मण सहकारी त्यात पुढे होते. पुस्तक जाळणे ही रीत झाली का, असा आक्षेप आला, तेव्हा बाबासाहेबांनी विदेशी कापडाच्या होळीची आठवण करून दिली. ती होळी तुम्हाला चालते, मग ही का नाही? पुन्हा तेच. समोरच्याला जे आधीच मान्य आहे, तिथूनच चालायला लागायचे.

पण त्या तीन दिवसांतला सर्वांत अवघड निबंध तोंडी झाला, आणि तो आपल्याच माणसांसमोर. परिषदेच्या आधीच काहींनी दिवाणी कोर्टात दावा लावला होता. तळे खासगी आहे, निदान अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याचा पुरातन रिवाज आहे, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम दिला. इकडे हजारो माणसे सत्याग्रहाच्या तयारीने आलेली, तुरुंगात जायला सज्ज. अशा सभेला 'आत्ता थांबू या' हे पटवून द्यायचे. टाळ्या मिळवणे सोपे, मिळालेल्या टाळ्या ओंजळीत धरून ठेवायला सांगणे कठीण. बाबासाहेबांनी ते केले. २७ डिसेंबरला पाण्याला हात न लावता तळ्याभोवती मिरवणूक निघाली आणि लढाई कोर्टात गेली.

कोर्टातली लढाई म्हणजे निबंधाचा पुरावा विभाग. दावा कोणाचा, आणि सिद्ध कोणी करायचे? रिवाज आहे म्हणणाऱ्याने तो अनादी काळापासून असल्याचे दाखवले पाहिजे. पुष्कळ वर्षे असे चालले, एवढे सांगून भागत नाही. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. अपील झाले, तेही फेटाळले. शेवटी १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी निर्णय दिला की वादींना असा रिवाज सिद्ध करता आलेला नाही. पाण्याला पहिली ओंजळ लागली त्याला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते. मी मुलांना सांगतो, तीन तासांच्या पेपरात विषय संपतो असे समजू नका.

हे सगळे ऐकल्यावर वाडीवरच्या त्या मुलीला मी म्हटले, "निबंध राहू दे. तुझ्या वाडीच्या पाण्यासाठी अर्ज लिही." पहिला कच्चा अर्ज 'पाणी हेच जीवन'नेच सुरू झाला. मी फक्त विचारले, "हे वाचणार कोण? त्याला हे ठाऊक नाही का?" दुसऱ्या वेळी तिने घड्याळ लावून मोजले. झऱ्याची एक खेप चाळीस मिनिटांची, आई दिवसाला चार खेपा करते, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटे. तिसऱ्या वेळी तिला एक गोष्ट आपणहून सुचली. वाडीच्या तोंडाशी एक पाटी आहे, नळयोजना पूर्ण झाल्याची. तिने लिहिले, "आपल्या पाटीप्रमाणे योजना पूर्ण आहे. आपल्या नळाप्रमाणे मार्चनंतर ती अपूर्ण आहे. दोहोंपैकी कोणते खरे धरावे?" मी ते वाक्य वाचले आणि काही वेळ काहीच बोललो नाही. गोपाळबाबा तिच्या वाडीवर कधी गेले असतील की नाही कोण जाणे, पण त्यांचा प्रश्न तिथे पोचला होता.

पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. तिने आधीच्या अर्जाची तारीख घालून दुसरा लिहिला, खाली वाडीतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. एक माणूस आला, पाहून गेला. पंधरा दिवस टँकर आला. नळाला मात्र अजून पाणी नाही. ती तिसऱ्या अर्जाच्या तयारीत आहे. मला तिच्याबद्दल आनंद वाटतो आणि तिला आपण अजून काय काय लिहायला लावणार आहोत, याची लाजही वाटते.

इथेच हे बोलणे संपवता आले असते. पण मागच्या महिन्यात वर्गात आणखी एक प्रश्न आला. डिसेंबरच्या परिषदेची गोष्ट मी सांगत होतो. मंडपासाठी जागा मिळू नये, दुकानदारांनी सामान देऊ नये, असा बंदोबस्त गावात झाला होता. तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. हे सांगताना माझा आवाज जरा चढतो, खोटे कशाला बोलू? सातवीतल्या वहीत जे मावले नाही ते तिथे मावते. एवढ्यात आमच्या मोहल्ल्यातलाच एक मुलगा म्हणाला, "सर, तळ्यावर आपल्याला कुणी अडवत नव्हतं ना? मग तेव्हा आपण काय म्हणत होतो? तुमच्या घरातले?"

माझी दादी या तळ्याच्या पाण्याच्या खूप गोष्टी सांगायची. सासू तिला सांगायची, चवदारचं पाणी म्हणजे डाळ पटकन शिजते, चहाला रंग येतो. नावच चवदार. घागरीची, वाटेतल्या गप्पांची, काठावरच्या पायऱ्यांची वर्णने मी ऐकली आहेत. पण त्या पायऱ्यांवर कोण येऊ शकत नव्हते, ते आमच्या घरात कधी कुणी सांगितले नाही. बाबासाहेबांच्या भाषणात 'मुसलमान पाणी भरतात' हे जे उदाहरण आहे, त्या उदाहरणात माझे घर आहे. फत्तेखान माझे, तसे ते न बोललेलेही माझेच. आपण जिथे उभे आहोत तिथून लिहा, असे मी मुलांना सांगत होतो. तर मी उभा आहे तो इथे.

मी त्या मुलाला म्हटले, "काही म्हटलं नव्हतं रे." त्याने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहून घेतले.

पुढच्या रविवारसाठी मी विषय दिला आहे, 'जे मला मिळाले आणि शेजाऱ्याला मिळाले नाही'. गाईडमध्ये तो सापडणार नाही. या वेळी मुलांबरोबर मीही वही उघडली आहे. २०२१ च्या पुरात माझ्या जुन्या वह्यांचा चिखल झाला, ही नवी आहे. पहिले वाक्य लिहून झाले आहे. त्यात दादीच्या सासूची घागर आहे, आणि ती भरलेली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)